भटक्या मांजरांचं धोरण: पालिकेच्या मसुद्यावर काय लिहून पाठवू?

उनाड_वारा

नमस्कार मंडळी. आमच्या पालिकेने भटक्या मांजरांसाठी धोरण आणायचं ठरवलंय आणि मसुद्यावर सूचना मागवल्यात. मुदत पंधरा दिवसांची, त्यातले सहा गेले. मसुदा चार पानांचा, पैकी तीन पानं नुसत्या व्याख्या. चौथ्या पानावर जे आहे ते असं, की मांजरं पकडायची, नसबंदी करायची, लस द्यायची आणि जिथून उचलली तिथेच सोडायची. इथपर्यंत मी खूश. पण पुढे म्हणतात की वर्षभराची ऑपरेशन्स सगळ्या प्रभागांत समान वाटली जातील, सार्वजनिक जागी खायला घालायला बंदी राहील आणि जो कोणी सलग तीस दिवस एखाद्या मांजराला खायला घालेल तो त्या मांजराचा मालक समजला जाईल.

मी चार वर्षं इमारतीमागच्या नऊ मांजरांना खायला घालते. त्यातल्या पाचांची नसबंदी पदरमोड करून करून घेतली, चार हाताला लागत नाहीत. आता या हिशेबाने मी नऊ मांजरांची मालकीण आणि शिवाय गुन्हेगार पण. घरात एक मांजर नाही, नवऱ्याला ॲलर्जी आहे!

तर तुम्ही माझ्या जागी असता तर सूचनांमध्ये काय लिहिलं असतं? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा, नसलेल्यांनीही लिहा, इथे कोण ऐकतंय.

खडूस_काका

खायला घालणं बंद करा. प्रश्न संपला, धागा संपला.

माझ्या गाडीच्या बॉनेटवर रोज सकाळी पावलांची रांगोळी असते. कुंड्यांमध्ये घाण. रात्री दोन वाजता बोक्यांची भांडणं, असं वाटतं कोणाचा तरी गळा दाबतायत. तुम्ही प्रेमाने वाढवून ठेवलीयत आणि निस्तरतो आम्ही.

टंकाळू

(रुमाल टाकून जागा धरतोय)

बिनशेपटी

काका, तुमचा वैताग खरा आहे पण उपाय उलटा पडेल. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी खाणं बंद करून पाहिलं, पाट्याबिट्या लावून. मांजरं गेली नाहीत, कचऱ्याच्या डब्यांवर गेली. आधी एका कोपऱ्यात जमायची ती चार इमारतींत पसरली, आणि ज्या दोन बायका खायला घालायच्या त्या रात्री अकरानंतर चोरून घालायला लागल्या, म्हणजे काय चाललंय ते कळायचा मार्गही बंद.

आणि मुख्य गोष्ट, मांजर पकडायची असेल तर खायला घालणाराच लागतो हो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी येणारी मांजर पिंजऱ्यात जाते. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवायचं. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरायचं, नाहीतर जाळीवर पाय ठेवायला ती कचरते. खाणं अगदी मागच्या टोकाला, ज्या पट्टीवर पाय पडला की दार पडतं तिच्या पलीकडे. मग लांब जाऊन गप बसायचं, मोबाईल सायलेंट. दार पडलं की मांजर अशी काही उसळते की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आपण हिला मारलं. धावत जाऊन जाडी चादर टाकायची पिंजऱ्यावर. अंधार झाला की थोड्याच वेळात धडपड थांबते. मी आजवर पन्नासेक धरल्या असतील, अजूनही दार पडल्याचा आवाज आला की माझ्याच पोटात गोळा येतो.

तर पालिकेला सांगा, ज्याला तुम्ही दंड करणार तो तुमचा फुकटातला कर्मचारी आहे.

उनाड_वारा

+१ बिनशेपटी. हे जसंच्या तसं उचलू का?

बिनशेपटी

उचला. पोटातला गोळा वगळा :)

गच्चीवरची_चिमणी

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते, धागाकर्तीने राग मानू नये.

मी पक्षी बघते, वीसेक वर्षं. मांजर हा गोड प्राणी आहे, माझ्या आईकडे दोन आहेत. पण नसबंदी केलेली मांजरही शिकार करतेच, तिचं ऑपरेशन पोटाचं झालेलं असतं, पंजांचं नाही. अमेरिकेत २०१३ साली एक मोठा अंदाज प्रसिद्ध झाला, मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा, आणि त्यात मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर एक न उडणारा चिमुकला पक्षी होता, दीपगृहाच्या रखवालदाराच्या एका मांजरीने तो संपवला.

'जिथून उचलली तिथेच सोडा' हा नियम गल्लीसाठी ठीक आहे. पण गावाबाहेरच्या पाणथळीवर, जिथे टिटव्या जमिनीवर अंडी घालतात, तिथेही हाच नियम लावणार का? मसुद्यात याबद्दल एक ओळ तरी आहे का?

उनाड_वारा

नाही. एकही नाही. आत्ता परत वाचून बघितलं.

आकडेमोड

चिमणीताई, मुद्दा मान्य पण एका मांजरीची गोष्ट ही दंतकथा झालीय. १८९४ च्या सुमारास बेटावर मांजरं सुटली, वाढली आणि अनेकांनी मिळून तो पक्षी संपवला. बिचाऱ्या एकीच्या नावावर खापर.

गच्चीवरची_चिमणी

दुरुस्ती मान्य. पक्ष्याला तेवढाच फरक पडला असेल.

मिश्या_वाकड्या

घरच्या मांजरांना घंटा बांधली तर शिकार कमी होते असं वाचलंय. भटक्यांचं काय, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण हा प्रश्न तर उंदरांच्या सभेपासून पेंडिंग आहे.

टंकाळू

खिक्! हा प्रतिसाद अपेक्षितच होता, फक्त कोण टाकतंय ते बघत होतो.

सरळसोट

कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. एकदाच साफ करून टाका ना. दयामरण, वेदनारहित. भावना बाजूला ठेवा.

बिनशेपटी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आकडेमोड

बिनशेपटी, बरं केलंत काढलात तो. :) सरळसोट, भावना बाजूलाच ठेवतो, नुसते आकडे घेऊ.

दक्षिण हिंदी महासागरात मॅरियन नावाचं बेट आहे. १९४९ मध्ये हवामान केंद्रातले उंदीर मारायला तिथे पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत त्यांची जवळपास ३४०० झाली. मग मांजरांचा विषाणू सोडला, रात्री बंदुका घेऊन माणसं फिरली, सापळे लावले, विष घातलं, आणि १९९१ मध्ये शेवटची संपली. चौदा वर्षं. समुद्राने वेढलेल्या, जवळजवळ निर्मनुष्य बेटावर. आणि आता तिथे तेच उंदीर घरट्यात बसलेले अल्बाट्रॉस जिवंत कुरतडतायत.

आपल्या गल्लीला समुद्र नाही. टास्मानियात मोकळ्या जंगलात काही जागी थोडी थोडी मांजरं मारून पाहिली, सगळी नाही, झेपतील तेवढी, म्हणजे कोणतीही पालिका करेल तशीच. मारणं चालू असताना त्या जागांवर मांजरं कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली, एका ठिकाणी ७५ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी २११ टक्के. दादा बोका गेला की आजूबाजूचे चार तरणे आत शिरतात. जागा आणि खाणं तसंच असतं ना.

बेटावर दुर्मिळ पक्षी वाचवायला शेवटचं मांजर काढावंच लागतं, तिथे माझा विरोध नाही, चिमणीताई. शहरात ते जमत नाही एवढंच.

सरळसोट

बरं. पण मग नसबंदीने तरी कमी होतात का? तिथेही जागा आणि खाणं तसंच असतं की.

आकडेमोड

फार चांगला प्रश्न विचारलात आणि प्राणिप्रेमी मंडळी इथेच डोळे मिटून दूध पितात. उत्तर आहे, कधी होतात, कधी अजिबात होत नाहीत.

आधी एक भंपक आकडा बाजूला काढू. 'एक मांजरी सात वर्षांत ४,२०,००० मांजरं' हे पोस्टर सगळ्यांनी पाहिलं असेल. गणितवाल्यांनी तपासलं तेव्हा तो आकडा शंभर ते चारशेच्या आसपास आला. कारण पिल्लं मरतात हो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोकाट मांजरांची ७५ टक्के पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा बेपत्ता झाली. एकदा उघड्यावर जन्माला आलं की त्याचं बहुधा काही खरं नसतं, म्हणून जन्मालाच येऊ नये यात खरी दया आहे असं मला वाटतं, कोणी काही म्हणो.

आता मुख्य. एखाद्या टोळीतल्या साधारण ७० टक्क्यांच्या वर माद्यांची नसबंदी झाल्याशिवाय संख्या खाली येत नाही. एका गणिती अभ्यासात ७१ ते ९४ टक्के अशी रेंज आली होती. म्हणजे शंभरातल्या तीस केल्या तर उरलेल्या सत्तर ती भरपाई आरामात करतात, उलट खाणाऱ्या तोंडांची स्पर्धा कमी झाल्याने त्यांची पिल्लं जरा जास्त जगतात. आणि तुमच्या मसुद्यात काय आहे तर सगळ्या प्रभागांत समान वाटप! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं असतं तर निदान एक तरी आग विझली असती, इथे एकच बंब सगळीकडे एकेक तांब्या ओततोय.

उनाड_वारा, माझ्याकडून एकच सूचना लिहा. एक गल्ली घ्या, संपवा, मग पुढची.

सुई_दोरा

व्हेट आहे, ऑपरेशन टेबलाच्या बाजूने लिहिते. टंकाळा आलाय, दिवसभरात अकरा झाल्यात आज.

आकडेमोड यांना पूर्ण अनुमोदन. वेगही महत्त्वाचा आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे तुम्ही आज चार पकडल्या आणि 'उरलेल्या तीन महिन्यांनी बघू' म्हणालात तर तीन महिन्यांनी उरलेल्या त्या उरलेल्या नसतात. पिल्लू आठ आठवड्यांचं आणि एक किलोचं झालं की करता येतं, सहा महिने थांबा हा जुना समज आहे.

मसुद्यात कानाबद्दल काय आहे? नसबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापायचं, सेंटिमीटरभर, भूल उतरायच्या आत. लोक मला क्रूर म्हणतात. एकदा एक काळी-पिवळी मांजरी आली, कान अख्खे. भूल दिली, पोटावरचे केस काढले आणि खाली पांढरी बारीक रेष. कोणीतरी आधीच केलेली, खूण न करता. तिला पुन्हा पिंजरा, पुन्हा भूल, पुन्हा उपास. टोक गेलेला कान लांबून, अंधारातही दिसतो. ज्याने खूण केली नाही तो माझ्या मते क्रूर.

आणि माद्यांना निदान रात्रभर तरी ठेवायची सोय लिहून घ्या. दूध पाजणारी असेल तर लवकर सोडावी लागते, पिल्लं कुठेतरी वाट बघत असतात.

खडूस_काका

वाचतोय. बोक्यांच्या भांडणांचं काय होतं ऑपरेशननंतर? हे कोणी सांगितलं नाही.

सुई_दोरा

बरीच कमी होतात काका, आणि तो उग्र मुताचा वासही. लगेच नाही, काही आठवडे लागतात.

मिश्या_वाकड्या

अवांतर: आमच्या आवारातल्या बोक्याचं नाव आम्ही उपसमिती ठेवलंय. दिवसभर बसून असतो, मधेच जांभई देतो, निर्णय काही होत नाही.

पाऊलखुणा

आमच्याकडे थकबाकी आहे. दर महिन्याला थोडी वाढते.

टंकाळू

आमची एक 'सर्व्हर डाऊन'. कधीही हाक मारा, प्रतिसाद नाही.

खडूस_काका

आणि कुंड्यांचं?

पाऊलखुणा

काका, मोकळी भुसभुशीत माती दिसली की त्यांना तेच टॉयलेट वाटतं. कुंडीत वर गोटे पसरा किंवा जाळीचा तुकडा दाबा, आणि आवाराच्या कोपऱ्यात रेतीचा एक वाफा द्या. आमच्याकडे खायला घालणाऱ्या मंडळींनीच तो साफ करायचा असं ठरलंय. खाणं वीस मिनिटं, मग भांडी उचलायची, सांडलेलं पुसायचं. हे पाळलं गेल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या असतील. पालिकेने बंदीच्या जागी हे लिहावं.

विसरभोळी

नेहमीची वाचनमात्र, आज राहवलं नाही.

मी आठवीत असताना घरात मांजरी फार झाल्या म्हणून बाबांनी एकीला गोणत्यात घालून सायकलवरून नदीपलीकडे सोडलं. पाचव्या दिवशी ती परत आली. ही गोष्ट आम्ही पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना हसत सांगायचो, बघा कशी वाट काढली वगैरे. त्यात एक भाग आम्ही कधीच सांगितला नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी माळ्यावरचा आवाज बंद झाला, तेव्हा कळलं की तिथे पिल्लं होती. परत आल्यावर ती सरळ माळ्यावर चढली. बराच वेळ खाली आली नाही.

मसुद्यात 'लांब नेऊन सोडा' असं कुठे असेल तर तेवढं काढायला सांगा.

उनाड_वारा

विसरभोळी, काय लिहू कळत नाहीये. आहे मसुद्यात. 'तक्रार आल्यास अन्यत्र स्थलांतर' अशी अर्धी ओळ आहे दुसऱ्या पानावर, व्याख्यांमध्येच लपलेली. मी ती वाचूनही पुढे गेले होते.

बिनशेपटी

नवीन जागी सोडलेल्या मांजराला तिथली मांजरं टिकू देत नाहीत, बहुतेक जुन्या जागेकडे निघतात आणि वाटेत गाडीखाली. अगदीच नाइलाज असेल तर नव्या जागी दोन-तीन आठवडे कोंडून, तिथेच खायला घालून सवय करावी लागते. अर्ध्या ओळीत होणारं काम नाही.

सरळसोट

पुन्हा काडी टाकतो. समजा सत्तर टक्के केलं, एकेक गल्ली केली. लोक घरची पिल्लं आणून सोडणारच. मग?

आकडेमोड

मग रोम होतं. इटलीत १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने मोकळ्या मांजरांना आपल्या जागी राहायचा हक्क दिला, मारायला बंदी, नसबंदी करून तिथेच सोडायचं. पुढच्या दहा वर्षांत रोममध्ये सुमारे ८००० मांजरांची नसबंदी झाली. १०३ टोळ्या तपासल्या, एकूण घट १६ ते ३२ टक्के. बऱ्यापैकी, पण कष्टांच्या मानाने फार नाही. कारण टोळ्यांत २१ टक्के मांजरं बाहेरून आलेली, त्यात लोकांनी आणून सोडलेली बरीच. करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं, की सोडून देणं थांबवलं नाही तर हा सगळा वेळ आणि पैसा वाया.

आता उलट बाजू. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून हेच काम एकाच जागी, नेटाने केलं. १९९६ मध्ये ६८ मांजरं होती, २०१९ मध्ये १०. तिथे नवीन आलेलं मांजर लगेच पकडलं जायचं आणि जवळजवळ निम्मी माणसाळवून घरांत दिली. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या धक्क्यावर १९९२ मध्ये सुमारे ३०० होती, शेवटचं म्हातारं होऊन २००९ मध्ये गेलं. सतरा वर्षं! पालिकेच्या एका वर्षाच्या बजेटात बसणारी गोष्ट नाही ही, तेही लिहा.

सुई_दोरा

म्हणूनच पाळीव मांजरांची नसबंदी आणि चिप (कातडीखाली बसवतात ती, मालकाची नोंद असलेली) हे त्याच धोरणात हवं. इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून पाळीव मांजराला वीस आठवड्यांचं व्हायच्या आत चिप सक्तीची आहे. चिप असली की सोडून देणाऱ्याचं नाव निघतं. आणि पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसाच्या हातात आली तर घरात रुळतात, नंतर फार अवघड. तेवढ्या वेळात उचलायला माणसं लागतात.

उनाड_वारा

मंडळी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी सूचना पाठवल्या आणि काल बोलावणं पण आलं, म्हणून धागा वर काढतेय. अकरा जण होतो. मी लिहिलेलं असं: 'मालक' ऐवजी 'देखभाल करणारी व्यक्ती' हा शब्द, नोंदणी करून, खाण्यावर बंदीऐवजी पाऊलखुणा यांचे नियम, स्थलांतराची अर्धी ओळ रद्द, डावा कान, माद्यांना एक रात्र, पाळीवांना चिप, पाणथळीपासून टोळ्या लांब ठेवायच्या, आणि समान वाटपाऐवजी एकेक गल्ली, सत्तर टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पुढची नाही.

शब्द बदलायला तयार झाले. स्थलांतराची ओळ तिथल्या तिथे खोडली, विसरभोळी. कानाबद्दल त्यांना माहीतच नव्हतं, लिहून घेतलं. चिपचं 'वर पाठवतो' म्हणाले, म्हणजे गेलं. समान वाटपावर मात्र तासभर चालला वाद. साहेबांनी शेवटी विचारलं, ठीक आहे, एकच गल्ली घेऊ, पहिली कुठली? आणि अकराच्या अकरा जणांनी आपापली सांगितली, मी धरून. पुढच्या आठवड्यात परत बैठक आहे.

गच्चीवरची_चिमणी

पाणथळीचं काय झालं?

उनाड_वारा

'तो विभाग वेगळा आहे' म्हणाले गं. पुढच्या बैठकीला तू येतेस का? खरंच विचारतेय.

गच्चीवरची_चिमणी

येते. फोटो आणते घरट्यांचे.

आकडेमोड

पहिली गल्ली निवडायचा निकष सोपा आहे. जिथे खायला घालणारी माणसं आहेत, आकडा माहीत आहे आणि निम्म्याहून जास्त आधीच झाल्यात ती घ्या. तुमच्या नऊपैकी पाच झाल्यात. अजून दोन केल्या की झालं, तेही सगळ्या माद्या असतील तर.

उनाड_वारा

उरलेल्या चारांत तीन माद्या आणि एक पांढरा बोका. बोका महाहुशार आहे, पिंजऱ्याबाहेर बसून आतल्या मांजरीकडे बघत बसतो.

खडूस_काका

पांढरा, शेपटीवर राखाडी ठिपका? तो तुमचाही बोका आहे का! रोज सकाळी साडेसहाला माझ्या बॉनेटवर असतो. इंजिन गार असलं तर पाच मिनिटं, गरम असलं तर अर्धा तास. परवापासून बघतोय, दोन्ही कान अख्खे आहेत त्याचे.

पिंजरा कुठे मिळतो?

टंकाळू

रुमाल उचलतो.